जानेवारीतले कूलर

मधुसूदन वझलवार यांनी पुण्याहून आलेला तो निरोप पहिल्यांदा उभ्याने वाचला, दुसऱ्यांदा बसून वाचला आणि तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला. तिन्ही वेळा त्यात तेच लिहिलेलं निघालं. 'शुक्रवारी सकाळी अकरा वाजता महिला निवासाला भेट देईन. कूलर वापरात असताना बघायचे आहेत आणि तिथल्या महिलांशी बोलायचं आहे. मुग्धा आपटे.' खिडकीबाहेर, बुटीबोरीच्या त्या कारखान्याच्या अंगणात, कामगार खोक्यांचे पुठ्ठे पेटवून शेकत बसले होते. नागपुरात त्या दिवशी पारा सात अंशांवर उतरला होता. वझलवारांना मात्र घाम फुटला होता.

घाम फुटायला कारण होतं. त्यांची कंपनी, गारवारा कूलर्स, थंडीत कूलर बनवायची आणि उन्हाळ्यात विकायची. यातला निम्मा माल पुण्याची एक मोठी कंपनी घ्यायची आणि त्यावर स्वतःचं नाव चिकटवून देशभर खपवायची. त्या मोठ्या कंपनीने दिवाळीनंतर एक नवीन नियम काढला. आपण ज्यांच्याकडून माल घेतो त्यांनीही समाजासाठी काहीतरी केलं पाहिजे, मार्चपर्यंत करून दाखवलं पाहिजे, नाहीतर आपण माल दुसरीकडून घेऊ. या प्रकाराला सीएसआर म्हणतात हे गारवाऱ्यात फक्त वझलवारांना माहीत होतं, म्हणून ते काम त्यांच्याच गळ्यात पडलं. हजेरी, रजा, पत्रव्यवहार आणि एका पानापेक्षा जास्त मजकूर असलेली कुठलीही गोष्ट गेली सव्वीस वर्षं त्यांच्याच गळ्यात पडत आली होती.

मालक गोपाळराव काळबांडे हे मनात एक आणि ओठावर एक ठेवणारे गृहस्थ नव्हते. काम सोपवतानाच त्यांनी सांगून ठेवलं होतं की पुण्याची ऑर्डर गेली तर अर्धा कारखाना बंद करावा लागेल, आणि बंद करायची सुरुवात ते वझलवारांच्या टेबलापासून करतील. वझलवारांना निवृत्त व्हायला चार वर्षं उरली होती. चौपन्नाव्या वर्षी हजेरीपट लिहिणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण घेतो, हा विचार ते दिवसातून दोनदा करत, एकदा अंघोळीच्या वेळी आणि एकदा बसमध्ये.

आता चूक कुठे झाली ते सांगितलं पाहिजे. गारवाऱ्यात एक जुनी रीत होती. चलान फाटलं की माल गेला. म्हणजे माल प्रत्यक्षात फाटकाबाहेर पडो न पडो, चलानबुकातून कागद फाडला की सगळ्या वह्यांमध्ये तो गेलेला असायचा. कुणी विचारलं तर गेला म्हणायचं, आणि म्हणणाऱ्याला त्यात खोटं काही वाटायचं नाही. वझलवारांनी बारा डिसेंबरला मानेवाड्याच्या सायंतारा महिला निवासाच्या नावे सहा कूलरचं चलान स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि फाडलं. त्यांच्या दृष्टीने कूलर पोचले. त्याच दुपारी त्यांनी पुण्याला अहवाल धाडला: 'निवासात सहा कूलर बसवण्यात आले असून तेथील ज्येष्ठ महिला त्यांचा रोज लाभ घेत आहेत.'

त्यातला 'रोज' लिहायची खरं तर गरज नव्हती. पण त्याच्याशिवाय वाक्य जरा बोडकं दिसत होतं.

कूलर मात्र गोदामातच राहिले. कारण चलान पाहून गोपाळराव म्हणाले होते की ऐन थंडीत म्हाताऱ्या बायांना कूलर देणारे आपण कोण, मार्चात पाठवू. हे म्हणणं अगदी रास्त होतं. वझलवारांचं चलानही रीतसर होतं. म्हणजे दोघेही बरोबर होते आणि अहवाल तेवढा चूक होता.

निरोप घेऊन वझलवार गोपाळरावांच्या खोलीत गेले. गोपाळराव नरखेडच्या आपल्या बागेतली संत्री सोलत बसले होते.

"म्हणजे कूलर गोदामात, अन् पुण्याले लावले म्हणून लिहिलं?" सगळं ऐकून त्यांनी विचारलं.

"चलान फाटलं आहे, भाऊ."

"चलानातून हवा येते का?"

गोपाळरावांनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली, बिया हातात काढल्या आणि निर्णय दिला. "आज बुधवार हाय. उद्या टेम्पोत टाका, परवा सकाळी लावा, बाईले दाखवा, काढून घ्या. एवढं घाबरून काहून राहिले?"

एवढं घाबरायचं कारण गोदामात समजलं. ते सहा कूलर महिनाभर नुसते पडून आहेत म्हणून मागच्याच आठवड्यात वर्ध्याच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकले होते. गोदामात आता फक्त सहा जम्बो उरले होते. जम्बो म्हणजे लग्नाच्या लॉनवर लावतात ते, पुरुषभर उंचीचे, पत्र्याचे, ज्यांच्यासमोर उभं राहिलं की वरपित्याचा फेटा मागच्या मागे जातो. केशव फिटर वीस वर्षांपासून जम्बोच जोडत होता आणि त्याला ते पोटच्या लेकरांसारखे होते.

"सहा पाह्यजे म्हणता न? मोजून सहा हाय," तो अभिमानाने म्हणाला. गोपाळरावांना फोनवर विचारलं तर त्यांनी मोठे दिले म्हणजे नावही मोठं होईल असं सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी घरी गेल्यावर वझलवारांनी पत्नीला सगळी हकीकत सांगितली. उत्तराबाई शाळेत तीस वर्षं मराठी शिकवत आलेल्या. त्यांनी अहवालाची प्रत मागून घेतली, एकदा वाचली, आणि एकच प्रश्न विचारला.

"रोज काहून लिहिलं?"

वझलवारांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

गुरुवारी दुपारी टेम्पो सायंताराच्या फाटकाशी उभा राहिला. सायंतारा म्हणजे एक मोठं दालन, दोन खोल्या, ओसरी आणि चौदा म्हाताऱ्या बाया. ते चालवणाऱ्या माया मेश्राम चाळिशीच्या होत्या. आवाज हळू, पण एकदा बोललेलं फिरवायच्या नाहीत. टेबलावर त्यांची डायरी उघडी होती आणि संक्रांतीच्या दिवसांमुळे तिच्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. सकाळी कुठल्याशा ऑफिसची मंडळी तिळगूळ देऊन गेली होती. तीन वाजता एक क्लब हळदीकुंकू करणार होता. चार वाजता कॉलेजची मुलं ब्लँकेट घेऊन येणार होती.

"ब्लँकेटं बावीस झाली आहेत सर, आणि बाया चौदा," मायाताई म्हणाल्या. "नाही म्हटलं की लोकांना वाईट वाटते. म्हणून दोन-दोन पांघरून फोटो काढून राहिलो. तुमचं काय आहे?"

वझलवारांनी टेम्पोकडे बोट दाखवलं. मायाताईंनी टेम्पोकडे पाहिलं, मग वझलवारांकडे, मग अंगावरची शाल थोडी घट्ट ओढून घेतली. कूलरबद्दल त्या आजच पहिल्यांदा ऐकत होत्या. वझलवारांनी बारा डिसेंबर, चलान, अहवाल, पुणे असं सगळं उलटसुलट क्रमाने सांगितलं. मायाताईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"पण सर, हे देताना तुम्ही कोणाला विचारलं होतं?"

वझलवारांनी आठवून पाहिलं. मालकांना विचारलं होतं. गोदामाला विचारलं होतं. अहवालाच्या नमुन्याबद्दल पुण्याला दोनदा विचारलं होतं. ज्यांना द्यायचं त्यांना विचारायचं राहून गेलं होतं, आणि ते राहून गेलं आहे हेही त्यांना आत्ताच कळत होतं. त्यांना फार शरम वाटली. पण शरमेला वेळ नव्हता, कारण शुक्रवार उद्यावर आला होता.

त्यांनी हात जोडले. सहा कूलर फक्त तासभर चालू ठेवायचे, पाहुण्या बाई पाहून जातील, मग झाकून ठेवा आणि उन्हाळ्यात वापरा. माझी नोकरी यावर आहे, हेही त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. मायाताईंनी डायरी चाळली. शुक्रवारी अकरा ते बारा मोकळं होतं, एका मंडळाने ऐनवेळी नकार कळवला होता.

"जागा देते," त्या म्हणाल्या. "पण बायांना खोटं बोला म्हणून मी सांगणार नाही. त्या आपल्या मनानं काय बोलतील ते बोलतील."

हे चाललेलं असताना दाराच्या आडोशाला एक म्हातारी उभी होती. ती बायजाबाई. नरखेडकडची, ऐंशीच्या पुढची, काठीएवढी बारीक, आणि ऐकू येतं तेवढं सगळं ऐकायची सवय असलेली. वझलवार फाटकाकडे निघाले तेव्हा तिने त्यांना अडवलं.

"बाबू, तुई नौकरी जाऊन राहिली म्हणते?"

वझलवारांनी मान हलवली.

"मंग मी बोलतो न. तू काई काळजी नको करू गा."

वझलवारांना या आश्वासनाने बरं वाटायला हवं होतं. का कोण जाणे, ते वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी आठपासून केशव कामाला लागला. तीन जम्बो दालनाच्या मोठ्या दारातून आत गेले. उरलेले तीन आत मावेनात, म्हणून ते ओसरीवर ठेवून त्यांची तोंडं खिडक्यांतून आत केली. बारा फुटांवर चौदा खुर्च्या मांडल्या गेल्या आणि त्यांवर चौदा बाया स्वेटर, शाल, पायमोजे आणि कानटोप्या अशा बंदोबस्तात येऊन बसल्या. वझलवारांचा बेत साधा होता. टाक्यांत पाणी भरायचं नाही, कूलर कोरडे चालवायचे, अगदी कमी वेगावर, पाच मिनिटं. तेवढ्यात फोटो होईल, बाई खूश होतील आणि बंद.

केशवला यातलं एकही पटलं नाही. पहिलं म्हणजे जम्बोला कमी वेग नसतोच, लॉनवर कमी वेग कशाला लागतो. दुसरं म्हणजे कोरडा कूलर चालवणं हे त्याच्या मते कूलरची इज्जत घालवणं होतं. वझलवार फाटकाशी रस्ता पाहत उभे असताना त्याने शांतपणे नळी लावली आणि गच्चीवरच्या टाकीतलं, थंडीने गारठलेलं पाणी सहाही कूलरमध्ये काठोकाठ भरलं. खसच्या ताट्या भिजून टपटपायला लागल्या. त्याने पंपही तपासून पाहिले आणि समाधानाने हात पुसले.

मुग्धा आपटे अकराला यायच्या होत्या. त्या पाऊण तास आधी आल्या. गाडीचं दार वाजलं, आणि केशवने वझलवारांची खूण न पाहता सहाही बटणं एकामागून एक दाबली.

सुरुवातीला फक्त आवाज आला. मग वारा आला. भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढे गेलं. पाटीवर लिहिलेल्या स्वागताचे खडूचे कण उडाले. कालच्या हळदीकुंकवाचे उरलेले तिळगुळाचे कागद दालनभर नाचायला लागले, आणि चौदा कानटोप्यांच्या चौदा गोंड्यांनी एकाच दिशेला मान टाकली. बाया मात्र हलल्या नाहीत. देणगीदारांसमोर कसं बसायचं याचा त्यांना दांडगा सराव होता.

मुग्धा आपटे तिशीच्या आतल्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात प्रश्नांचे छापील कागद. दारात पाऊल ठेवताच त्यातले निम्मे कागद त्यांच्या हातून सुटले आणि छताला लागून परत आले. एक वझलवारांच्या छातीवर येऊन चिकटला. तो त्यांचाच अहवाल होता आणि त्यात 'रोज' या शब्दाखाली कुणीतरी लाल रेघ मारलेली होती.

"हे रोज चालू असतात?" मुग्धाबाईंनी मोठ्याने विचारलं. मोठ्याने विचारल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं.

"हो," वझलवार ओरडले.

"जानेवारीत?"

आता इथे खरं बोलून मोकळं होता आलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला जवळचं दार दिसत नाही. वझलवार म्हणाले की या महिलांची प्रकृती उष्ण आहे. चौदाही जणींची का, असं मुग्धाबाईंनी विचारलं. वझलवार म्हणाले की या भागातल्या पाण्याचा तो गुण आहे. मग डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि वझलवार हो म्हणून गेले. मुग्धाबाईंनी डॉक्टरांचं नाव लिहून घ्यायला पेन काढलं. वझलवारांना आयुष्यात भेटलेले सगळे डॉक्टर त्या क्षणी एकदम विसरायला झाले.

त्यांच्या मदतीला बायजाबाई धावून आली. धावून म्हणजे बसल्या जागेवरून.

"लय चांगली हवा हाय बाई," ती ठणकावून म्हणाली. "याच्याबिगर मले झोपच येत नाई."

मुग्धाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "किती दिवस झाले आजी, कूलर येऊन?"

"चार वरसं झाले."

वझलवारांनी डोळे मिटून घेतले. मायाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि जमिनीकडे पाहत होत्या.

"चार वर्षं? कंपनीने तर डिसेंबरात दिलेत म्हणे."

"ते हे. त्याच्या आधी दुसरे होते," बायजाबाईने एवढंसंही न डगमगता सांगितलं. "हा बाबू लय चांगला हाय. हर हप्त्यात येते. पुसून जाते कूलर. याले काई करू नका."

हे बोलताना तिच्या दातांवर दात आपटत होते, म्हणून प्रत्येक शब्द दोन हप्त्यांत बाहेर पडत होता. वझलवारांनी डोळे उघडले. तिचे ओठ काळेनिळे पडले होते. शालीतून बाहेर आलेला हात, ज्याने ती त्यांच्याकडे बोट दाखवत होती, तो थरथरत होता आणि त्यावर काटा उभा होता. कालपर्यंत जिला आपण ओळखतही नव्हतो ती ऐंशी वर्षांची बाई आपल्यासाठी त्या वाऱ्यात बसून खोटं बोलते आहे, आणि आपण अजून कुठल्या डॉक्टराचं नाव सांगावं याचा विचार करतो आहोत. वझलवारांना स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता.

ते गेले आणि त्यांनी एकेक करून सहाही बटणं बंद केली. गळ्यातला मफलर काढून बायजाबाईच्या कानांवरून गुंडाळला. मग मुग्धाबाईंसमोर उभे राहून, शाळेत उभं करतात तसं, सगळं सांगितलं. कूलर काल आले. डिसेंबरात फक्त चलान फाटलं होतं. उष्ण प्रकृती, पाणी आणि डॉक्टर हे तिन्ही मी आत्ता रचलं. या बायकांना इथे कुणीही कूलरबद्दल विचारलेलं नव्हतं.

"आणि रोज?" मुग्धाबाईंनी विचारलं.

"ते वाक्य बरं दिसावं म्हणून," वझलवार म्हणाले.

मुग्धाबाईंनी कागद गोळा केले आणि पुण्याला फोन करायला अंगणात, चिंचेच्या झाडाखाली गेल्या. त्यांची पाठ दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. फोन बराच वेळ चालला. वझलवार एका रिकाम्या खुर्चीवर बसले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यापुढे करायला काहीही काम नव्हतं.

बायजाबाईला हे सहन झालं नाही. ती उठली, आपल्या गाठोड्यातून घडी घातलेला एक कागद काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा फॉर्म होता. आठ महिन्यांपूर्वीचा. कुणी भरून दिला नव्हता, म्हणून ऑपरेशन झालं नव्हतं. "बसलाच हाय तर भरून दे," ती म्हणाली.

वझलवारांनी खिशातून पेन काढलं. अपुरा फॉर्म पाहिला की त्यांच्या हाताला खाज सुटायची, नोकरी राहो न राहो. त्यांनी तो ओळ न् ओळ भरला, आधार कार्डावरचं आणि फॉर्मवरचं नाव जुळवलं, एक खाडाखोड केली तिथे बायजाबाईचा अंगठा घेतला आणि सोबत काय काय जोडायचं त्याची यादी मागे लिहून दिली. ते पाहून शेजारची बाई हयातीच्या दाखल्याचा कागद घेऊन आली. तिच्यामागे एक जण रेशन कार्डातलं नाव दुरुस्त करायला. बघता बघता वझलवारांच्या खुर्चीपुढे कानटोप्यांची रांग लागली.

नेमके तेव्हाच गोपाळराव काळबांडे आले. ते ठरल्या वेळेला, अकरा वाजता, मुग्धाबाईंच्या सत्कारासाठी शाल आणि श्रीफळ घेऊन आले होते. कूलर बंद पाहून त्यांनी केशवला विचारलं आणि केशवने दोन वाक्यांत सांगितलं. गोपाळराव रांग बाजूला सारून वझलवारांपर्यंत गेले आणि वाकून त्यांच्या कानात बोलले.

"सोमवारपासून येऊ नका."

वझलवारांनी मान खाली घालून पुढचा फॉर्म हातात घेतला. अक्षर मात्र बिघडलं नाही.

मुग्धाबाई आत आल्या. अहवाल खोटा होता असं मी लिहिणार आहे, त्यांनी गोपाळरावांना सरळच सांगितलं. गोपाळरावांचा चेहरा पडला. पण नियमाप्रमाणे दुरुस्तीला मार्चपर्यंत मुदत आहे, त्या पुढे म्हणाल्या, फक्त यावेळी निवासाला जे हवं आहे तेच द्यायचं. मग त्यांनी मायाताईंना विचारलं की तुम्हाला काय हवं आहे.

मायाताईंना हा प्रश्न इतक्या दिवसांत कुणी विचारला नसावा. त्यांनी टेबलावरची डायरी मिटली.

"वस्तू ठेवायला जागाच नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "माणूस पाहिजे. हप्त्यातून दोन दिवस. यांना दवाखान्यात नेणारा, लाईनीत उभा राहणारा, कागद भरणारा. येतात लोक, फोटो काढतात, येतो म्हणतात. परत येणारा कुणी भेटून नाही राहिला."

गोपाळरावांचा पडलेला चेहरा वर आला. माल द्यायचा नाही, गाडीभाडं नाही, नुसता माणूस. "देऊ ना. आमच्याकडे पोरंच पोरं हाय. मंगळवारी कोणालेही पाठवून देतो."

"कोणीही नको," मुग्धाबाईंनी रांगेच्या टोकाकडे बोट दाखवलं. "हे."

"हे? हे तर आता..." गोपाळराव थांबले.

"मंगळवार आणि शुक्रवार, कंपनीच्या पगारी वेळात. करारात यांचंच नाव राहील. दर तीन महिन्यांनी मी येऊन बघणार आहे."

"अन् हे नोकरी सोडून गेले तर?"

"तर उपक्रम संपला. ऑर्डरही."

गोपाळरावांनी एकदा मुग्धाबाईंकडे पाहिलं आणि एकदा वझलवारांकडे. मग मुग्धाबाईंसाठी आणलेली शाल उलगडून त्यांनी ती वझलवारांच्या खांद्यांवर पांघरली, श्रीफळ हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मधुभाऊ, मफलर नाही काय? थंडी हाय. तब्येतीले जपत जा."

वझलवारांना काय झालं ते नीट उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला काढला. चार वर्षं पक्की झाली होती. स्वतः मालकालाही आता त्यांना काढता येणार नव्हतं, कारण मालकाने त्यांना दान करून टाकलं होतं.

मायाताईंनी कपाटातून एक लांबट वही आणली. इथे येणाऱ्या प्रत्येक देणगीची तिच्यात नोंद व्हायची आणि नियम म्हणजे नियम. ब्लँकेट, नग आठ, नवीन. तिळगूळ, डबे तीन, ताजा. त्याखाली त्यांनी लिहिलं: श्री. मधुसूदन वझलवार, नग एक. शेवटचा रकाना वस्तूच्या अवस्थेचा होता. मायाताईंनी त्यांच्याकडे वर पाहिलं. बूट कूलरच्या पाण्याने भिजलेले, केसांत खसच्या काड्या, नाक लाल. त्यांनी लिहिलं: जुने, चालू.

"सही करा सर, म्हणजे मिळालं असं होते," त्यांनी वही पुढे केली.

वझलवारांनी नोंद वाचली. सव्वीस वर्षांच्या सवयीने चूक शोधली, सापडली नाही. त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात मफलरातून बायजाबाईचा आवाज आला.

"मंगळवारी हा खरंच येईन न वं माया? का कागदावरच येते?"

वझलवारांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात परत ठेवलं.

"सही मंगळवारी करतो," ते म्हणाले. "आल्यावर."